बालाघाटच्या ओसरीवरची अमेरिका

कोल्हापूरहून दुपारी सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंदियाला पोचते. पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर असा तेराशे किलोमीटरहून अधिक प्रवास, आणि गाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत महाराष्ट्रातच! कर्नाटकातल्या आमच्यासारख्या मराठी माणसांना मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांकडे जायचं तर असा अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. निपाणीहून एस.टी.ने कोल्हापूर गाठायचं, गोंदियाला उतरायचं आणि बाघ नदीपलीकडे चाळीसेक किलोमीटरवर बालाघाट. एका सीमेवरून दुसऱ्या सीमेवर!

तिथे माझी अक्का राहते. १९९२ साली तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते. वऱ्हाडाबरोबर आम्ही गोंदियाहून बालाघाटला छोट्या गाडीने गेलो होतो. अडीच फुटी रुळांवरून डुलत जाणारी ती सातपुड्याची गाडी एवढी हळू चालायची की अव्वा म्हणाली होती, “हिच्यापेक्षा आपली बैलगाडी बरी.” (आमची आई कानडी घरातली. बाबा मराठी. त्यामुळे आमच्याकडे आईला अव्वा आणि वडिलांना बाबा, असा बेळगावी कारभार.) आता तो मार्ग रुंद झाला आहे आणि छोटी गाडी आठवणीत गेली आहे.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत बऱ्याच वर्षांनी जाणं झालं. रात्री पोचले. सकाळी भावजी मला वैनगंगेवर घेऊन गेले. सिवनीच्या डोंगरातून आलेली ही नदी इथून पुढे भंडारा, गडचिरोलीकडे जाते. पात्र रुंद, पाणी शांत. एका बाजूला धानाची शेतं कापणीला आलेली. इथला चिन्नोर तांदूळ फार सुगंधी. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुसऱ्या बाजूला भरवेलीची मँगनीजची खाण. जमिनीखालची इतकी खोल मँगनीज खाण आशियात दुसरी नाही, असं भावजी अभिमानाने सांगतात. त्यांची सगळी नोकरी खाणीच्या सर्वेक्षणात गेली.

गावाची भाषा म्हणावी तर हिंदी. पण बाजारात पोवारी ऐकू येते, खेड्यांतून गोंडी, आणि जुन्या घरांतून मराठी. तीही आपल्याला थबकवणारी. पहिल्याच दिवशी अक्काने मला सांगितलं, “फ्रिजमधला सांबार दे गं.” मी डाळीचं पातेलं शोधत बसले. तिला हवी होती कोथिंबीर! इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आमच्या घरची कोत्तंबरी तीस वर्षांत सांबार होऊन गेली.

या भागाचा इतिहासही आपल्या माणसांनी लक्षात घ्यावा असा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मागे राहिला. आदल्या दिवशीपर्यंत राजधानी नागपूर, दुसऱ्या दिवसापासून भोपाळ! त्याच तारखेला आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. आपल्याकडे त्यावरून काय काय झालं ते वाचकांना सांगायला नको. बालाघाटात मात्र त्या तारखेवरून कुणी आवाज चढवलेला मी तरी ऐकला नाही. तिथे आवाज चढतो तो अमेरिकेवरून!

अतिशयोक्ती नाही. भावजींच्या ओसरीवर रोज संध्याकाळी साडेपाचला चहाची दोन कपं येतात. एक भावजींचा, दुसरा शेजारच्या निवृत्त मास्तरांचा. मास्तरांनी शाळेत संस्कृत आणि नागरिकशास्त्र शिकवलं. तीस वर्षांची ही बैठक. पूर्वी विषय खाणीतली मजुरी, नाही तर क्रिकेट. भावजींची मुलगी आणि मास्तरांचा मुलगा अमेरिकेला गेल्यापासून विषय अमेरिका. भावजींचा कल रिपब्लिकन पक्षाकडे, मास्तरांचा डेमोक्रॅटिक पक्षाकडे. दोघांनाही तिथे मत नाही, दोघांनीही तो देश एकेकदाच पाहिलेला. आणि दोघेही टोकाचे नाहीत. आपल्या पक्षाच्या नेत्याचं काय खटकतं, हेही दोघे सांगतात.

पण मला नवल वाटलं ते त्यांच्या नियमाचं. हा नियम मास्तरांनी घातला. समोरच्याला उत्तर द्यायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने मांडायचं, आणि असं मांडायचं की त्याने “हो, हेच म्हणतोय मी” असं कबूल केलं पाहिजे. तोवर पुढे जायचं नाही. मास्तर म्हणाले, “अजी, हे माझं नाही. आपल्या शास्त्रकारांचंच आहे. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. आजकाल लोक थेट उत्तरपक्षानेच सुरुवात करतात, म्हणून गडबड होते.”

मी राज्यशास्त्र शिकवते. वर्गात अमेरिकेची राज्यघटना दरवर्षी येते, आणि मुलं दरवर्षी जांभया देतात. या दोघांनी तोच भाग ज्या चवीने घोळवला तो ऐकून मला माझ्या तासाची लाज वाटली.

उदाहरण द्यायचं तर अध्यक्षाच्या निवडणुकीचं. तिथे ५३८ निर्वाचक असतात आणि २७० मिळवणारा जिंकतो. देशभरात जास्त मतं मिळूनही माणूस हरू शकतो. २००० मध्ये अल गोर असे हरले, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन. मास्तरांना हे अन्याय्य वाटतं. आधी भावजींनी मास्तरांची बाजू मांडली: “वायोमिंग राज्याची वस्ती पावणेसहा लाख. म्हणजे आपल्या बालाघाट जिल्ह्याच्या एक तृतीयांश. त्यांना तीन निर्वाचक. कॅलिफोर्नियाची वस्ती चार कोटींच्या जवळ, त्यांना चौपन्न. वायोमिंगमध्ये दोन लाखांमागे एक, कॅलिफोर्नियात सव्वासात लाखांमागे एक. माणसाची किंमत राज्य पाहून कमीजास्त का व्हावी? हेच ना?” मास्तरांनी मान डोलावली.

मग मास्तरांनी भावजींची बाजू घेतली: “हा देश राज्यांनी मिळून केलेला. मोजायची ती नुसती डोकी मोजली, तर मोठी शहरंच राज्य करतील. मग डोंगरातल्या, शेतातल्या, खाणीतल्या माणसाकडे कोण पाहील? बालाघाटकडे भोपाळने आणि त्याआधी नागपूरने किती पाहिलं, हे तुम्हीच सांगता ना?” भावजी हसले. “बिलकुल. मी सांगितलं असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं.”

एकाचंही मत बदललं नाही. दुसरा चहा आला.

मी विचारलं, आपल्याला काय पडलंय त्या देशाचं? त्यावर मास्तर म्हणाले की मराठी माणसाची ही खोड जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी गुलामांना मुक्त केलं. पंडिता रमाबाई तिथे अडीच वर्षांहून अधिक राहून आल्या आणि १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेची राज्यव्यवस्था, घरं, शाळा, बायकांची स्थिती यांवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या लोकशाहीचं कौतुक केलं आणि वर्णभेदावर बोटही ठेवलं. (रमाबाईंचा जन्म कर्नाटकातल्या गंगामूळचा, ही भर मी घातली. सीमाभागातली बाई ही संधी सोडते होय!) भावजींचं कारण जमिनीतलं होतं. १९४८ नंतर रशियाने अमेरिकेला मँगनीज देणं आखडलं, तेव्हा अमेरिकेच्या पोलादाला भारताचं मँगनीज हवं झालं. १९५१ मध्ये आपल्याला गव्हासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज देताना तिथल्या संसदेत महिनोन्‌महिने खल झाला, आणि बदल्यात भारताकडून मोलाची खनिजं घ्यावीत, असं काही सदस्यांचं म्हणणं होतं. “म्हणजे त्यांनी आपल्या मातीवर चर्चा केली, तर आपण त्यांच्या मतांवर का करू नये?”

हे सगळं ५ नोव्हेंबरच्या संध्याकाळचं. तेव्हा अमेरिकेत मतदान सुरू होत होतं.

रात्री स्वयंपाकघरात अक्का माझ्याशी कानडीत बोलू लागली. आम्ही बहिणी घरातलं काही नाजूक असलं की कानडीत बोलतो. आणि मला कळलं की तीन आठवडे भावजी आणि त्यांची मुलगी एकमेकांशी बोललेले नाहीत.

भाची पेनसिल्वेनियात असते. जावयाला टेक्ससमध्ये चांगल्या पगाराची नोकरी मिळत होती. भावजी म्हणाले, जा. तिथे राज्याचा आयकर नाही, घरं स्वस्त, माणसं कुटुंबवत्सल. भाची नको म्हणाली. तिला दुसरं मूल हवं होतं, आणि पहिल्या खेपेला ती मरणाच्या दारातून परत आली होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढून तो विषय राज्यांकडे सोपवला. त्यानंतर टेक्ससमध्ये जवळजवळ संपूर्ण बंदी आली. आईच्या जिवाला धोका असेल तर सूट आहे. पण नियम मोडला असं ठरलं तर डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. “मी टेबलावर असताना डॉक्टरने वकिलाला फोन लावावा, असं मला नकोय,” असं ती म्हणाली. भावजी म्हणाले, “हे टीव्हीवाल्यांनी तुमच्या डोक्यात भरवलेलं आहे.” तिने फोन ठेवला. तेव्हापासून ती फक्त आईला फोन करते, तोही बाबा ओसरीवर असतात त्या वेळेला.

मास्तरांशी तीस वर्षं पूर्वपक्ष पाळणाऱ्या माणसाने पोटच्या मुलीला मात्र पहिल्याच वाक्यात उत्तरपक्ष दिला होता.

६ तारखेला सकाळपासून टीव्ही लागला. दुपारी एकच्या सुमारास ट्रम्प यांनी विजयाचं भाषण केलं. (पुढे हिशेब लागला तो ३१२ विरुद्ध २२६ असा, मतांतलं अंतर जेमतेम दीड टक्क्याचं.) भावजींची बाजू जिंकली होती. पण त्यांनी पेढे मागवले नाहीत. मास्तर नेहमीच्या वेळेला आले, “अभिनंदन” म्हणाले आणि बसले. हरलेल्या माणसाने येऊन अभिनंदन करायचं, हाही म्हणे नियमच. २०२० मध्ये भावजींनी तो पाळला होता.

त्या संध्याकाळी विषय निघाला गर्भपाताचा. कुणी काढला ते सांगत नाही. मास्तरांनी भावजींची बाजू नीट मांडली: “जन्माला न आलेल्या जिवाचीही कुणी बाजू घ्यायला हवी, असं मानणारे कोट्यवधी सज्जन लोक आहेत. आणि इतका खोल प्रश्न नऊ न्यायाधीशांनी ठरवण्यापेक्षा त्या त्या राज्याच्या लोकांनी मतदानाने ठरवावा.” भावजी म्हणाले, “हो. हेच.”

आता पाळी भावजींची होती. ते थांबले. म्हणाले, “बाईच्या शरीराचा प्रश्न आहे, असं काहीतरी तुम्ही म्हणता.” मास्तर म्हणाले, “नाही जी. हे मी म्हणतो असं नाही. नीट मांडा.”

मला राहवलं नाही. मी बेळगावच्या सविता हलप्पनवर यांची गोष्ट सांगितली. आपल्या वाचकांना ती ठाऊक आहे. बालाघाटात ठाऊक नव्हती. दंतवैद्य असलेली आपल्या गावची ३१ वर्षांची मुलगी, आयर्लंडमध्ये सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने गर्भपात करण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तो नाकारला गेला. जंतुसंसर्गाने २८ ऑक्टोबर २०१२ रोजी ती गेली. त्या देशातही आईच्या जिवाला धोका असेल तर सूट होतीच. पण धोका कधी सुरू होतो हे ठरेपर्यंत उशीर झाला. तिच्या मृत्यूने देश हादरला, आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात सहासष्ट टक्के लोकांनी राज्यघटनेतलं ते कलम काढून टाकलं. “भावजी,” मी म्हटलं, “तुमचं म्हणणंच तिथे खरं झालं बघा. लोकांनी मतदानाने ठरवलं. पण त्याच्या आधी आमच्या गावची एक लेक गेली.”

भावजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कप खाली ठेवून हळू आवाजात म्हणाले, “कायद्यात सूट लिहिलेली असली तरी ती वेळेवर मिळेल याची खात्री बाईला नसते. ती खात्री नसेल तर तिने त्या गावात मूल होऊ देऊ नये, हे शहाणपणाचं आहे. ते टीव्हीने भरवलेलं नाही.” क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, “मास्तर, हेच ना?”

मास्तर म्हणाले, “हेच. पण हे मला कशाला सांगता?”

संध्याकाळी सातला भावजींनी फोन हातात घेतला. तिकडे सकाळचे साडेआठ. नंबर लावला आणि सुरुवात कशी करावी ते न सुचून त्यांनी अक्काकडून तीस वर्षं ऐकलेलं वाक्य म्हटलं, “ऊट आतेन?” जेवलीस का! पलीकडून आधी काहीच आवाज नाही. मग भाची हसली की रडली कुणास ठाऊक. “बाबा, इथे सकाळ आहे. ब्रेकफास्ट चाललाय.” भावजी उठून ओसरीच्या टोकाला गेले. पुढचं आम्ही ऐकलं नाही. ऐकायचंही नव्हतं. अक्का तांदूळ निवडत बसली होती. निवडलेलेच परत निवडत होती.

दुसऱ्या दिवशी भावजी मला म्हणाले, “अमेरिकेवर भांडणं सोपं असतं गं. तिथे आपलं काही जळत नाही. म्हणून तिथे आपण सभ्य असतो.”

ते वाक्य मला लागलं, कारण ते नकळत माझ्यावरच होतं.

माझ्या दादाने दोन्ही मुलं कानडी माध्यमात घातली. त्याला आता अकरा वर्षं झाली. अव्वाच्या वर्षश्राद्धाच्या जेवणात मी त्याला म्हटलं होतं, “बाबांची भाषा विकलीस.” पंगतीत, सगळ्यांसमोर. तो काही बोलला नाही, फक्त ताटावरून उठला. तेव्हापासून आम्ही एकमेकांकडे जातो, भाऊबीजही होते. पण त्या विषयाला कुणी हात लावत नाही, आणि त्या विषयाभोवती जे जे आहे त्याला लावायचंही हळूहळू बंद झालं. आता आम्ही पावसावर बोलतो.

बालाघाटात मी भाचीच्या मावसभावंडांना, शेजारच्या मुलांना बोलताना ऐकत होते. शाळा हिंदीत झालेल्या. घरात मराठी, पण क्रियापदं हिंदीची आणि लिहायला सांगितलं तर अडखळतात. हे पाहून मला वाटलं, माझं म्हणणं खरं होतं. शाळा गेली की भाषा ओसरीवर येते, घराबाहेर पडत नाही. आणि त्याच मुलांनी परीक्षा दिल्या, नोकऱ्या मिळवल्या, आजीशी मराठीत भांडली, हे पाहून वाटलं, दादाचंही खरं असावं. भाषा पोटासाठी बदलली म्हणून माणूस घराबाहेर जात नाही.

परतीच्या गाडीत, नागपूर गेल्यावर, मी वही काढली आणि दादाचा पूर्वपक्ष लिहायला बसले. त्याला पटेल असा. अकोला येईपर्यंत तीन वाक्यं झाली. राज्यशास्त्राची प्राध्यापिका मी. अमेरिकेच्या दोन्ही पक्षांची बाजू पाऊण तास मांडू शकते. सख्ख्या भावाची मांडायला तीन वाक्यांवर अडले, कारण मी ती कधी विचारलीच नव्हती.

यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. भाचीचं कुटुंब टेक्ससला गेलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयातशुल्क लावलं, सप्टेंबरमध्ये एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम बसवली. तेव्हा मी भावजींना फोन केला. ते म्हणाले, “मास्तर आले होते. मला वाटलं, आज चिडवणार. तर म्हणाले, आधी तुमची बाजू मांडतो.” दोघं अजून एकमेकांना पटलेले नाहीत. चहा चालू आहे.

माझी ती तीन वाक्यं वहीतच आहेत. दादा, तू हे साप्ताहिक दर आठवड्याला वाचतोस, ते मला ठाऊक आहे. पहिलं वाक्य असं: कानडी ही परक्याची भाषा नव्हे, ती आपल्या अव्वाची भाषा आहे. हे बरोबर मांडलं का, तेवढं सांग. बाकीची दोन घेऊन रविवारी येते. जेवायला थांबेन.